उलट्या हत्तीचं देणं

सन १९८६, मार्गशीर्षातली थंडी. तेव्हापासून माझ्या लाँड्रीत किस्से साठायला लागले. कपडे लोक घेऊन जातात, किस्से कोणी नेत नाही. पडून राहतात.

लाँड्री ठाण्यात. पाटीवर ‘पेट्रोल वॉश’ लिहिलेलं. मी चौथी शिकलो, पण डाग कशाचा ते वासावरून सांगतो.

त्या मार्गशीर्षात एका रविवारी लेले सर आले. टिटवाळ्याचे, शाळेतून रिटायर झालेले. हातात कपडा नाही. म्हणाले, “भाऊ, थोडं पांढरं पेट्रोल मिळेल का? पोस्टाच्या तिकिटाला लावायचंय.”

“तिकिटाला डाग पडलाय?”

“डाग नाही. आत काय आहे ते बघायचंय.”

कागदाला आत कुठे असतं? पण मी इस्त्री बंद केली आणि बाटली दिली. इस्त्री गरम असताना माझ्याकडे बाटली उघडत नाही. सरांनी काळी बशी काढली, तिच्यात एक जुनं तिकीट उपडं ठेवलं. अर्ध्या आण्याचं, निळं, इंग्रजांच्या राणीचं. वर पेट्रोलचे थेंब सोडले.

कागद भिजला आणि त्यातून हत्तीचं डोकं वर आलं! कान, सोंड, सगळं. मी मागे सरकलो. पेट्रोल उडालं तसा हत्तीही गेला. बशीत कोरा कागद.

सर म्हणाले, “कागद ओला असतानाच त्यात तारेचा हत्ती दाबतात. तेवढ्या जागी कागद पातळ राहतो. खोटी तिकिटं कोणी छापू नयेत म्हणून. इंग्रजाचा आपल्यावर भरवसा नव्हता ना!”

भरवसा नव्हता म्हणून एवढं सुंदर काम? मी म्हटलं, “पुन्हा दाखवा.”

त्या दिवशी बाटली संपली.

*

मग दर रविवारी बैठक. कोलशेतचा धर्मा नाखवा होडीच्या इंजिनाचं ऑइल लागलेला लग्नाचा कोट घेऊन आलेला. हत्ती बघितला आणि बसला तो बसलाच. कोट न्यायचं विसरून गेला.

एकदा समोरच्या चाळीतल्या आजी साड्या न्यायला आल्या. त्यांनी बशीत डोकावलं. सोंड दिसली. आजींनी बाहेर जाऊन चपला काढल्या, आत येऊन हात जोडले. मग माझ्यावर ओरडल्या, “अरे, गणपतीला पेट्रोलने आंघोळ घालतोस? लाज नाही वाटत?”

सर समजावायला लागले, “आजी, हा इंग्रजांचा हत्ती आहे.”

“असेल! त्यांना कोणी सांगितलं असेल, हा ठेवा, विघ्नं येणार नाहीत!”

नाखव्याने हळूच चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. पुढच्या रविवारपासून मीही.

*

कागदाच्या जाती पुष्कळ. एकाला खडूचा लेप असतो. दिसायला साधाच, पण शुद्ध चांदी टेकवली की पेन्सिलीसारखी काळी रेघ उठते. सरांकडे सिलोनचं एक तिकीट होतं, त्याचा निकाल लागत नव्हता. चांदी कुठून आणायची?

आमच्या हिच्या पायात जोडवी. माहेरची, अस्सल चांदीची. मी काढायला सांगितली.

“नवरा जिवंत असताना जोडवी काढू? तुमच्या तिकिटासाठी?”

मग तोड तिनेच काढली. पाय स्टुलावर ठेवला. लेले सर चष्मा वर करून खाली बसले आणि तिकिटाची कड हलकेच जोडव्याला लावली. तेवढ्यात बँकेचे मॅनेजर सफारी न्यायला आले. दारातच थबकले.

ही म्हणाली, “या ना. सर कागद बघतायत.”

मॅनेजर म्हणाले, “मी नंतर येतो.”

तिकिटाच्या कडेला बारीक काळी रेघ उठलेली! सर जमिनीवर बसूनच बघत राहिले. त्यांना उठवायला दोघं लागलो.

*

आता बैठकीतला कांबळे. मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात होता. त्याचा पणजा पलटणीत होता. त्याने घरी धाडलेलं पत्र वाळवीने खाल्लं, वरचं तिकीट तेवढं राहिलं. तेच अर्ध्या आण्याचं निळं. घरात पणज्याची दुसरी कुठली खूण नाही.

कांबळेने ते एका छोट्या आल्बममध्ये जपून आणलं. सरांनी भिजवलं आणि तोंडावर हात ठेवला. हत्ती उलटा! सोंड वर, डोकं खाली. छापताना कागद उलटा गेलेला. असं हजारांत एखादं.

कांबळे म्हणाला, “म्हणजे आमच्या पणजोबांच्या वाट्याला हत्ती आला, तोही शीर्षासन करत!”

सगळे हसले. कांबळेचे डोळे मात्र भरलेले. त्याने चिमट्याने तिकीट वर उचललं, वाऱ्यावर सुकायला धरलं. नाखवा बघायला पुढे झाला. पेट्रोलचा वास नाकात गेला आणि खाडीच्या माणसाची शिंक आली ती!

चिमट्यात काही राहिलं नाही.

वर पंखा, चारी बाजूंना कपडे. आम्ही प्रत्येक घडी मोडली, प्रत्येक खिसा उलटा केला. ज्यांचे कपडे नुकतेच गेले होते त्यांच्या घरी जाऊन आलो. तिकीट मिळालं नाही.

कांबळे म्हणाला, “जाऊ दे नाखवा. मुद्दाम केलंस का?”

नाखवा म्हणाला, “शिंक माजी, देणं माजं. उलटा हत्ती मी तुला आनून देनार.”

*

त्या दिवसापासून नाखवा पेट्रोलजवळ आला नाही. बाटली उघडली की तो रस्त्यावर, नाकाला पंचा बांधून. आम्ही त्याने आणलेलं तिकीट भिजवायचो. बाहेरून आवाज यायचा, “हाय का?”

आम्ही आतून, “नाही!”

दर रविवारी. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, आत कोणी अडलेली बाई आहे.

निळी तिकिटं तो कुठून कुठून आणायचा. कल्याणच्या एका जुन्या सामानवाल्याकडे पाटीभर तिकिटं आहेत असं कळलं. नाखवा भलामोठा जिताडा घेऊन गेला. “मासा घे, राणी दे.” दुकानदार निघाला माळकरी! त्याने नाखव्याला जिताड्यासकट पायरीखाली उतरवलं. नाखवा जिताडा घरी ठेवून पुन्हा गेला, आणि त्या माणसाची गळकी कौलं शाकारून तिकिटं घेऊन आला.

त्यातल्या एकात हत्तीच नव्हता. सर उडालेच. “ही हत्तीच्या आधीची छपाई. ह्याला किंमत जास्त! कांबळे, घेऊन टाक.”

कांबळेने मान हलवली. “सर, माझ्या पणजोबांचं तसं नव्हतं.”

*

एका रविवारी सर बशीवर वाकले आणि किंचाळले, “उलटा! उलटा!”

मी बाहेर ओरडलो, “हाय रे, हाय!” नाखवा भर रस्त्यात नाचला. समोरून पेढे आणले. आजींना दिले, रिक्षावाल्यांना दिले. कांबळे वाकला. पुन्हा थेंब सोडून बघितलं. मग चिमट्याने तिकीट उताणं केलं.

“सर, राणीच उलटी ठेवलीत तुम्ही.”

सरांच्या तोंडात पेढा होता. तो तसाच राहिला. बाहेर जाऊन सांगायला कोणी उठेना. शेवटी मी गेलो.

नाखवा म्हणाला, “पेढा कसा व्हता?”

“चांगला होता.”

“मंग ठीक हाय. फुडच्या रविवारी येतू.”

*

१९९४ची दिवाळी झाली. खाडीत मासळी उरली नव्हती, नाखव्याने होडी विकलेली. कांबळे त्याला किती वेळा म्हणाला असेल, “सोड ना आता.” नाखवा ऐकून घ्यायचा आणि पुढचं तिकीट काढायचा.

त्या रविवारीही त्याने तिकीट दिलं, नाकाला पंचा बांधला आणि बाहेर गेला. मी इस्त्री बंद केली. राणी कशी ठेवायची ते आता कांबळे स्वतः बघायचा. त्याने थेंब सोडले.

“हाय का?” बाहेरून.

आतून कोणी बोललं नाही. सरांनी माझा हात धरला.

“अरं, हाय का नाय?”

कांबळे उठला. बाहेर गेला, नाखव्याला दंडाला धरून आत आणलं, बशीपुढे बसवलं आणि वर आणखी थेंब सोडले. नाखव्याने पंचा नाकावर घट्ट दाबला. श्वास रोखून वाकला. बशीत हत्ती डोक्यावर उभा होता, सोंड वर.

पेट्रोल उडेपर्यंत कोणी हललं नाही.

कांबळेने तिकीट उचललं, हाताच्या आडोशाने सुकवलं, त्याच आल्बममधल्या रिकाम्या जागी ठेवलं आणि आल्बम मिटला.

“फिटलं, नाखवा.”