फळीवरचा घडघडाट

नांदेडला सुताराकडे ताज्या कापलेल्या फळीचा वास आला आणि भूकंपानंतरचं आमचं लातूरचं परसदार आठवलं. ताईनं नि मी विटांवर फळी टेकवून बेअरिंगची चाकं लावलेल्या खेळातल्या गाडीसाठी उतार केला होता.

"हळू, फळी लई हालायलीय," ताई म्हणाली. मी गाडी सोडली. घडघडाट झाला, शेडचे पत्रे थरथरले. आई पिठाच्या हातांनी धाकट्या भावाला उचलून बाहेर धावली. "पळा! पुन्हा आला!"

"आई, गाडी हाय ती," ताई ओरडली.

आई मटकन खाली बसली, जमिनीला तळहात लावून. मला माराची भीती. "फळी काढू का?"

"नको. खेळा. पण गाडी सोडायच्या आधी मला हाक मारत जा."

तेव्हा ती अट जाचक वाटली. त्या दिवसांत एवढं 'खेळा' म्हणणं तिला किती जड गेलं असेल, ते आता कळतं.