भुकटीबाईंचा चुकलेला घाणा

कारखान्यात त्यांना सगळे भुकटीबाई म्हणत. प्लास्टिकचे दाणे मोठ्या पिंपात ओतायचे, त्यांना तेलाचा हात लावायचा आणि वर शंखजिऱ्याची पिठासारखी भुकटी मोजून टाकायची, हे काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. घरी पोचेपर्यंत भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. आई रोज कामावरून म्हातारी होऊन येते, असं लेक म्हणायची.

त्या भुकटीवाचून पिशव्यांचं पान हलत नसे. दाणे वितळले की त्यांचा पातळ फुगा बाहेर पडतो, चपटा होऊन रिळावर गुंडाळला जातो. दगडाच्या त्या बारीक कणांनी त्याला डोळ्यांना न दिसणारा खरखरीतपणा येतो, म्हणून थराला थर चिकटत नाही. भुकटी जास्त पडली तर पिशवी धुरकट दिसते. कमी पडली तर नखं तुटली तरी तोंड उघडत नाही.

एका सकाळी बहिणीला दवाखान्यात नेल्याचा फोन आला. बाईंना रजा मिळेना. हात आपले सवयीने चालत राहिले, जीव तिकडे. संध्याकाळी बहीण शुद्धीवर आल्याचं कळलं तेव्हा कुठे त्या पाणी प्यायल्या.

पुढच्या आठवड्यात पावाच्या कारखान्यातून अकरा खोकी परत आली. पिशव्या एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. नव्या साहेबांनी ठरवूनच टाकलं, की मशीनवाल्या काकांनी रीळ गरम असतानाच आवळून गुंडाळलं. काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, नजरही अधू झाली होती. त्यांनी वाद घातला नाही.

बाईंनी एक पिशवी चिमटीत धरून चोळली. सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत. कोठारात जाऊन भुकटीच्या गोणी मोजल्या, तर हिशेबापेक्षा एक जास्तीची. ती गोणी हळूहळू वापरून संपवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. जेवणाच्या सुट्टीत त्या तिच्यावरच बसून राहिल्या, डबा न उघडता. मग उठल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

"काकांचं रीळ ठीक होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी भुकटी टाकायची माझ्याकडून राहिली."

साहेबांना खरं वाटेना, तेव्हा त्यांना नेऊन गोणी दाखवली. बाईंची रवानगी पॅकिंगमध्ये झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका त्यांच्या टेबलाशी आले. आपण तसेही जाणारच होतो, सांगायची काय गरज होती, म्हणून कुरकुरले. बाई म्हणाल्या, जाणार होतात म्हणूनच सांगितलं. काकांनी एक रिकामं खोकं हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"मला खरंच वाटायला लागलं होतं गं, की मीच चुकलो," ते म्हणाले. "डोळ्याला डोळा लागत नव्हता."

इकडे पिंपाशी नव्या माणसाचा हात बसेना. एक दिवस पिशवी चिकटायची, दुसऱ्या दिवशी धुक्यासारखी निघायची. तिसऱ्या आठवड्यात साहेब स्वतःच बोलवायला आले. बाईंनी एकच अट घातली: भुकटी टाकताना शेजारी दुसरं कुणीतरी उभं हवं. माझ्या एकटीच्या भरवशावर ठेवू नका, म्हणाल्या.

ते काम काकांनी मागून घेतलं. निवृत्तीपर्यंत ते रोज पिंपाशी येऊन उभे राहत, माप रिकामं झालं की मोठ्याने "पडली" म्हणत, आणि मग आपल्या मशीनकडे जात.