घासून दिलेला गुंड

मी नागपुरात चित्रकला शिकवते. शिकवते म्हणजे पोरांच्या चुकांवर लाल पेन फिरवते. स्वतःची एक चूक मात्र दोन वर्षं झाली, झाकून ठेवली आहे.

तलावाच्या काठावर एक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट बघता येईल असं. विषय होता पाणी आणि पाण्यापायी हाल सोसणारी माणसं. कुठल्या देशातून निर्वासितांच्या बोटीतली जाकिटं येणार होती, कुठून खारट झालेल्या विहिरीचं मीठ. आपल्या भागाचं काम एका परदेशी बाईंकडे होतं आणि त्यांची इथली मदतनीस मी. त्यांनी मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, नदीकाठच्या घरांतली रोजच्या वापरातली पाण्याची भांडी हवीत, जशी असतील तशी.

म्हणून मी सावनेरच्या बाजूला, कन्हानकाठच्या एका गावात गेले. वीज केंद्राची राख नदीत उतरते आणि तेच पाणी आमच्या घरात येतं, असं गाव सांगत होतं. एका मावशींनी लगेच होकार दिला, वर शेजारणींनाही तयार केलं. त्या देणार होत्या पितळी गुंड. आमच्याकडे पाणी भरायच्या मोठ्या भांड्याला गुंडच म्हणतात. लग्नात आईनं दिलेला, काठाखाली आईचं नाव कोरलेलं. "दोन दिवसानं न्या मॅडम," त्या म्हणाल्या. मला वाटलं, जीव तुटत असेल.

दोन दिवसांनी गेले तर ओट्यावर नऊ भांडी उन्हात लखलखत होती. चिंच लावून, हात दुखेस्तोवर घासलेली. दुसऱ्याच्या घरी जाणारं भांडं मळकं कोण देईल? माझी आई शेजारी साधी वाटी धाडायची तीसुद्धा पदरानं पुसून. तरी मला हे आधी सुचलं नाही. मी "वा, वा" म्हटलं आणि गाडीत बसल्यावर चरफडले. अशा चकचकीत गुंडाकडे बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचं!

बाई चार दिवसांनी विमानातून उतरणार होत्या. मी गच्चीवर राख आणि डिंक कालवला आणि नऊही भांडी आतून-बाहेरून लिंपली. हात चांगला आहे माझा. थर असा हुबेहूब जमला की मीच स्वतःवर खूश झाले. मावशींच्या आईचं नाव तेवढं मुद्दाम मोकळं सोडलं, बघणाऱ्याच्या काळजाला हात घालायला. बाईंनी एकेक भांडं उचलून पाहिलं. मग त्यांनी इंग्रजीत आणि मराठीत पाटी लिहवून घेतली: या घरांत हे पाणी पितात.

मावशींना प्रदर्शन बघायला या म्हणून मीच सांगून ठेवलं होतं. वाटलं होतं, एवढ्या लांबून कोण येतंय. रविवारी दुपारी त्या आल्या. अंगावर नवं लुगडं, बरोबर जाऊ आणि शेजारीण. शेजारणीला वाचता येत होतं. तिनं आधी नाव वाचलं, मग पाटी.

"काहून वं, तुह्या घरी गुंड घासाले हात नाई लावत काय कोणी?" ती म्हणाली. जाऊ तोंडाला पदर लावून हसली.

मावशी दोरीखालून आत गेल्या आणि पदरानं गुंड पुसायला लागल्या. डिंक कुठला निघतो! शिट्टी वाजवत पहारेकरी धावला, लोकांनी मोबाईल वर केले. मावशी सगळ्यांना सांगत होत्या, "मी घासून देला होता जी. असा नोहता. मॅडमले विचारा ना!"

मॅडम पाच पावलांवर उभ्या होत्या, परदेशी बाईंच्या शेजारी. बाईंनी मला विचारलं, "ही कोण? काय म्हणतेय?"

मी इंग्रजीत सांगितलं, "हा तिचाच गुंड आहे. ती म्हणतेय, आम्हाला हेच पाणी प्यावं लागतं."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं, की आज आठवलं तरी कानशिलं तापतात. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुढे होऊन मावशींना हात जोडले. मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगतलं ना मॅडम त्याहिले, मी घासून देला होता म्हनून?"

"हो, सांगितलं," मी म्हणाले.

प्रदर्शन संपल्यावर भांडी पॉलिश करून घेतली आणि एकटी गावात गेले. मावशींच्या ओट्यावर बसून सगळं सांगून टाकलं. राख, डिंक आणि ते इंग्रजी वाक्यही. शिव्या खायची तयारी होती. त्या गुंड हातात घेऊन फिरवत राहिल्या.

"मळकाच पाह्यजे होता तं सांगाचं होतं," शेवटी म्हणाल्या. "दोन दिवस नाई घासला का आपोआप चढते पांढरा थर. या पान्यानं तसंच होते. म्हनून तं रोज सकाळी घासत बसतो आमी."

चिंचेनं उललेली त्यांची बोटं तेव्हा कुठे मला दिसली. मी त्या गावात आधी दोनदा आले होते, आणि दोन्ही वेळा भांडीच बघून गेले होते.

मी म्हटलं, "मावशी, तुमच्या जावेला, शेजारणीला, सगळ्या गल्लीला मी आत्ता सांगते, चूक माझी होती."

"त्याहिले मी सांगीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या बाईले सांगा. त्या मले गलिच्छ समजून गेल्या."

मी हो म्हटलं. नंतर प्रदर्शनाचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात पदरानं गुंड पुसणाऱ्या मावशींचा पानभर फोटो आहे, खाली माझं वाक्य त्यांच्या तोंडी छापलं आहे आणि मागच्या पानावर माझे आभार मानले आहेत. बाईंना लिहायची मेल मी अजून लिहिलेली नाही.