वळसंगकर मॅडमचा शेवटचा आकडा

लॅबमधला मीटर बंद केला की पुन्हा गरम व्हायला तासभर लागतो. मला डोळा लागायला चार मिनिटं पुरतात, त्यात नुकतंच जेवण झालेलं. रडारच्या पल्सची ताकद मोजणारा सेन्सर सकाळपासून चारदा तपासला. चारही वेळा माझ्या सीनियर वळसंगकर मॅडमच्या गेल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा अर्धा डेसिबल कमी. मॅडम मार्चमध्ये गेल्या. मी बरोबर असलो, तर याच सेन्सरला त्यांनी दिलेलं त्यांचं शेवटचं सर्टिफिकेट रद्द. म्हणून पाचवी मोजणी व्हायच्या आधीच मी निकाल लिहून टाकलाय. मॅडमचाच आकडा.

पापण्या जड होतात. समोरच्या स्टुलावर मॅडम आहेत. मग नाहीत. मग आहेत.

"मॅडम, हे काय?"

"सलग असणं झेपत नाही रे आता. पल्समध्ये येते. शंभरातला एक भाग असते, बाकी सुट्टी." त्या कागद बघतात. "तो आकडा मी—"

गेल्या.

मी गिरणीच्या रांगेत उभा आहे. सगळ्यांच्या डब्यांत सेन्सर. गिरणीवाला विचारतो, "बारीक की जाडसर?" मॅडम माझ्या पुढे दोन नंबर. अर्थात.

"मॅडम, वाक्य पूर्ण करा! तो आकडा तुम्ही काय?"

"चुकवला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम चुकायला वेळ कुठे होता? दुपारी अॅडमिट व्हायचं होतं. पल्स सुरू होताना उसळी मारते, ती बसेपर्यंत थांबायचं असतं. मी उसळीच मोजली."

"मग सगळ्यांना सांगत सुटू, मॅडम चुकल्या म्हणून?"

"नाहीतर काय देवाला सांगणार? तो रडार वापरत नाही."

"लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"म्हणतील, तीस वर्षांत एकदा चुकली. तू तर आज एका दिवसात—"

गेल्या. मी पाय आपटतो. पीठ उडतं. त्या पिठातून फक्त आवाज येतो, "आणि व्हाइटनर लावलास तर बघ! एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही."

"मॅडम, थांबा ना जरा!"

गिरणीवाला म्हणतो, "पुढचा नंबर."

मीटर बीप करतो. तास झालाय. मी लिहिलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ आहे. मला पट्टी धरूनही इतकी सरळ येत नाही. खालचा आकडा स्वच्छ वाचता येतो. शाई बोटाला लागते.

सहीची जागा मोकळी आहे. मेलेल्या माणसाची सही आमच्या लॅबमध्ये चालत नाही.

मी करतो.