तेलाला विचारून

"तेलाला विचारल्याशिवाय त्यात काही सोडायचं नाही," असं तो एकदा म्हणाला होता. लग्न नवं होतं. बायको घाईघाईने कढईत काहीतरी टाकायला गेली आणि त्याने तिचं मनगट धरलं. एरवी तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं, म्हणून ते एक वाक्य तिने जपून ठेवलं. तेलाला विचारायचं म्हणजे कान देऊन ऐकायचं, असा अर्थ तिने आपला आपण लावून घेतला.

तळलेल्या कोंबडीच्या दुकानात तो बावीस वर्षं तळणीपाशी उभा होता. तिथे त्याला सगळे घड्याळ म्हणत. टायमर वाजायच्या आत हा जाळी उचलायचा आणि तुकडा नेमका झालेला असायचा. टायमर बिघडला तर बघू, घड्याळ बिघडता कामा नये, असं मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. हातावर डाग होते. जुने पांढरे, मधले तपकिरी, कालचे लाल. भुवयांत, कानामागे, नखांत मैदा. तो दारात उभा राहिला की बायको म्हणायची, आधी मैदा आत येऊ दे, मग तुम्ही या.

मुलगी अकरा वर्षांची झाली आणि ही थट्टा बंद पडली. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, उंची नऊ वर्षांच्या पोरीएवढी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गव्हाचं वावडं आहे. गव्हातलं ग्लूटेन तिचं आतडं आतून सोलून काढतंय, यापुढे कणभरही पोटात जाता कामा नये. बायको एकेक गोष्ट कागदावर उतरवून घेत होती. तो आपल्या नखांकडे बघत होता.

घरातून गहू गेला. पिठाचा डबा शेजारणीकडे गेला, लाकडी पोळपाट-लाटणं फेकलं, चाळणी, तवा, कढई नवी आली. दुकानाचे कपडे बाहेर जिन्याजवळच्या खिळ्यावर टांगायचे आणि सरळ न्हाणीघरात जायचं, असा नियम झाला. अर्ध्या शाळेने तिच्या बापाच्या हातची कोंबडी खाल्लेली, आणि तिलाच ती बंद. ती हट्ट करून बसली नाही. शाळेतून येताना दुकानावरचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने यायला लागली, एवढंच. ते त्याला मालकाकडून कळलं.

मंगळवार त्याच्या सुट्टीचा. त्या मंगळवारी त्याने तांदळाची पिठी आणली. पहिल्या खेपेला आवरण कौलासारखं कडक झालं. पुढच्या खेपेला नुसतं कॉर्नफ्लोअर घेतलं, तर भिंतीचा पोपडा सुटावा तसं सगळं सुटून आलं. असे पाच मंगळवार गेले. शेवटी दोन वाटी तांदळाची पिठी, एक वाटी कॉर्नफ्लोअर आणि एक वाटी बटाट्याचं पांढरं सत्त्व, असं जमलं. तुकडे आदल्या दिवसापासून मीठ घातलेल्या ताकात. कोरड्या पिठावर ताकाचे शिंतोडे मारून बोटांनी चोळायचं, म्हणजे बारीक गोळ्या होतात आणि तळताना त्यांचेच खवले उभे राहतात. पीठ दाबून लावायचं, पाव तास थांबायचं, मग दोनदा तळायचं. हे सगळं तो मुलीला सांगायचा. ती स्टुलावर बसायची आणि तो बोलत राहायचा. बायकोला वर्षभरात मिळाले नसतील एवढे शब्द त्या पोरीला एका संध्याकाळी मिळायचे. बायको मुद्दामच आत जायची नाही.

तेल उडून चांगल्या शर्टावर डाग नकोत म्हणून तळताना तो दुकानाचा जाड सदरा घालायचा. बाहेर कठड्यावर चार वेळा झटकून बायकोनेच तो त्याच्या हातात दिलेला असायचा. मंगळवारीच तो धुवायला पडायचा, मग आधी वापरलेला बरा, असा तिचा हिशोब.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं. त्यातला दोषाचा आकडा जराही उतरला नव्हता. आणखी तीन महिन्यांनी तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गहू कुठून तरी जातोच आहे. पुढच्या वेळीही असंच असेल तर हिला दाखल करून आतडं नळीने तपासावं लागेल.

बायकोने संशय घेतला तो मुलीवरच. तिचं दप्तर उपसलं. शाळेच्या बाईंना चिठ्ठी लिहून तिला मधल्या सुट्टीत एकटीला बसवलं. मैत्रिणीकडे जाणं बंद. एकदा गालही लाल केला. मुलगी ना हो म्हणाली ना नाही. चोराचं असतं तसलं गप्प बसणं आहे हे, असं बायको म्हणाली, आणि तेव्हा तो पानावरून उठला होता.

पुढे एका मंगळवारी बायकोला मिठाची बरणी हवी होती म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात आली. तो कढईपाशी. तांदळाची पिठी डाव्या हाताशी उघडी पडलेली. मुलीला काहीतरी सांगता सांगता त्याची दोन बोटं सदऱ्याच्या खिशात गेली, चिमूट घेऊन आली आणि तेलावर सुटली. तेल चुर्रकन उमललं. त्याने मान हलवली आणि पहिला तुकडा उचलला.

"काय टाकलंत?"

"कुठे काय?"

तो खोटं बोलत नव्हता. ते तिच्या लक्षात आलं. तिने पुढे होऊन त्याचा खिसा उलटा केला. शिवणीत दाबून बसलेला मैदा तिच्या तळहातावर पडला. दुकानात दिवसातून पन्नास वेळा तो याच खिशातल्या चिमटीने तेलाला विचारायचा. बुडाली तर तेल थंड, काळी पडली तर जास्त, वर येऊन पसरली तर ठीक. बोटांना दुकान आणि घर वेगळं कधी कळलंच नव्हतं.

"मला माहीत होतं," मुलगी स्टुलावरूनच म्हणाली.

बायकोने वळून पाहिलं. किती दिवसांपासून, असं तिने विचारलं.

"पहिल्यापासून. सांगितलं असतं तर बाबांनी करणं बंद केलं असतं." मग खाली बघून, "मग ते बोलले नसते."

कढई तापत होती. बायको तळहात तसाच धरून उभी राहिली. हा सदरा कोण देत होतं हे तिला विचारायची गरज कुणालाच नव्हती.

त्याने हातातला तुकडा परत पिठात ठेवला. गॅस बंद केला. सदरा काढून बाहेरची बाजू आत घेत त्याची गुंडाळी केली, मैदा सांडू नये म्हणून. मुलीच्या बाजूने जाताना तो भिंतीला चिकटून, तिला अंग लागणार नाही असा गेला. ती हात पुढे करत होती. तो थांबला नाही. दार उघडून, गंजिफ्रॉकवरच, बगलेत ती गुंडाळी घेऊन, एक शब्द न बोलता तो जिना उतरून गेला.