पाचवं अक्षर

"चा घ्या म्हनताय. घेतो. बरोबर ऐकलं न्हवं?"

कपाला हात लावण्याआधी आपलंच वाक्य आपल्याला परत ऐकवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी दोन वर्षं शेजारच्या खुर्चीवर सोसला. नव्वदच्या दशकात विश्रामबागेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. गृहस्थ पलूसचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळणारा. कार्डावर आधी समोरच्याची खेळी उतरवायची, मग आपली लिहायची, ही त्या खेळाची रीत. ह्याने ती बोलण्यातही आणली होती. मी त्याला तोंडावर पोस्टमास्तर म्हणायचो. तो हसायचा. ते हसणंही मला बावळट वाटायचं.

आम्ही बुद्धिबळाचा प्रोग्राम करायला घेतला. विचार करणारं इंजिन माझं, पडद्यावरचा पट त्याचा. दोन्ही वेगळे, म्हणून त्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम हवे होते. ते ह्याने फुलस्केपवर लिहून आणले, समास आखून! पटाने खेळी पाठवली की इंजिनाने ती समजली तशी आधी परत सांगायची. जुळली तरच पुढे. खेळीची अक्षरं चार: दोन कुठून, दोन कुठे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर पाचवं: त्याचं काय झालं.

"अहो, एकाच मशीनमध्ये पत्र हरवतंय कुठं?" मी म्हणालो. "आणि प्याद्याचा वजीरच करतात सगळे."

"सगळे वजीरच करतात म्हनताय. पर एखादा घोडा करंल की, सायेब."

मी कपाळाला हात लावला.

पुढे क्लासच्या सरांनी गावातल्या एका नावाजलेल्या खेळाडूशी आमच्या प्रोग्रामचा सामना ठरवला. आम्हां दोघांपैकी एकालाच क्लासमध्ये ठेवायचं होतं, आणि कुणाला ते सामना बघून ठरणार होतं. त्या सकाळी मी त्याला न विचारता ती परत सांगण्याची भानगड दोन्हीकडून काढून टाकली. इंजिनाला चारच अक्षरं वाचायला लावली. तेवढाच वेळ वाचेल म्हटलं.

इंजिन बरं खेळत होतं. मग पाहुण्या खेळाडूंनी प्यादं शेवटच्या घरात नेलं आणि घोडा घेतला. इंजिनाच्या लेखी तो वजीर, आणि वजिराचा तिथून शह लागत नव्हता. घोड्याने राजाला शह दिलेला, आणि हे खुशाल कडेचं प्यादं पुढे सारतंय! पट ते घेईना. 'चुकीची खेळी', 'चुकीची खेळी', एवढंच पडद्यावर. पाहुणे हसले, मग सगळा हॉल हसला.

"कुणाची चूक?" सरांनी विचारलं.

"पटाची," मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला. "चूक पटाची म्हनताय. बरोबर ऐकलं न्हवं?"

एवढ्या लोकांत त्याने मला शब्द मागे घ्यायला जागा दिली. मी "हो" म्हणालो.

पिशवी उचलून तो गेला. भांडलाही नाही. लेचापेचा माणूस, असं मी त्या दिवशीही म्हणालो, आणि माझी खुर्ची सांभाळून बसलो.

महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. वरच्या ओळीत त्याचं टपोरं अक्षर: 'तुमची खेळी: चूक पटाची.' खाली त्याच्या खेळीची जागा कोरी. कोपऱ्यात, 'बरोबर पोचली असल्यास कळवावे.'

पलूस काही लांब नाही. मी गेलो नाही. कार्ड अजून माझ्याकडे आहे. उत्तर पाठवायचं तर रीतीप्रमाणे आधी त्याच्या कार्डावरचे ते दोन शब्द, 'चूक पटाची', माझ्या हाताने उतरवावे लागतील.