मिस्त्रींनी न तपासलेला सांधा

गॅरेजच्या दारात कुणी आलं आणि "ताई आहेत का?" असं विचारलं, की मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पडदा पडायचा.

"आहे ना," ते म्हणायचे. "मी काय इथे खांब म्हणून उभा आहे?"

ताई म्हणजे त्यांचीच मुलगी. त्यांच्याच हाताखाली, त्यांच्याच पान्यांनी शिकलेली. पण वर्षभरात गिऱ्हाइकं तिलाच विचारायला लागली होती. इंजिनाचा आवाज ऐकून ती दोष सांगायची, आणि तो बरोबर निघायचा. मिस्त्री तिचं कौतुक करायचे, पण कडू औषध गिळावं तसं. मी त्यांना हसत नसे. नाटकात माझ्या भूमिकेत दुसरी मुलगी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा मीही विंगेतून ती कुठे अडखळते याची वाट बघत होते. ती अडखळली नाही. माझ्या मात्र तिन्ही अंक पोटात दुखत होतं.

माझी जुनी गाडी तेवढी पूर्णपणे मिस्त्रींची. दौऱ्यांच्या दिवसांपासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मध्यंतरी तिचं ब्रेक ऑइल कमी व्हायला लागलं. पेडल खोल जाई आणि मागच्या डाव्या चाकापाशी जमिनीवर ओला डाग दिसे. मिस्त्रींनी चाक उतरवून आतला छोटा सिलिंडर बदलला. आठ दिवसांनी डाग पुन्हा हजर.

"बाबा, मी बघू?" मुलीने विचारलं.

"बाईंची गाडी माझ्याकडेच राहील."

"गाडी बाईंची, आणि राहणार तुमच्याकडे?"

मी खोकल्याच्या निमित्ताने हसू दाबलं.

गळती सापडेना की मिस्त्री ब्रेकच्या नळीचे सगळे सांधे कोरडे पुसायचे आणि त्यांवर तोंडाला लावायची पावडर भुरभुरायचे. पावडर जिथे भिजेल तिथे चोर. डबा मी घरून नेला होता. नटीच्या घरी पावडरीला काय तोटा? मुलीला हाक मारायची नाही म्हणून त्यांनी पेडल दाबून ठेवायला सीटशी एक दांडा अडकवला आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरले.

अर्ध्या तासाने सगळे सांधे पांढरे, कोरडे ठणठणीत होते. फक्त नळीवरचं एक रबरी आवरण चाकाजवळ जिथे संपत होतं, तिथे ओल होती.

"रबराच्या पुढचा सांधा गळतोय," मिस्त्री म्हणाले आणि तो आवळायला लागले. त्यावरची पावडर तर जशीच्या तशी होती.

मुलगी वाकून बघत होती. ती माझ्याजवळ आली. "मावशी, ते रबर कुणी चढवलंय?"

"तुझ्या बाबांनीच." अठरा वर्षांपूर्वी प्रयोगाला जाताना दगड लागून नळी फुटली होती. मिस्त्रींनी फुटका भाग कापून नवा तुकडा जोडला आणि पुन्हा दगड लागू नये म्हणून वर रबर चढवलं. तिसऱ्या घंटेच्या आत मी रंगमंचावर होते.

"मग ते तिथे बघणारच नाहीत," ती म्हणाली. आणि खड्ड्यापाशी गेली. "बाबा, पुढचा सांधा कोरडा आहे. ऑइल रबराच्या आतून येतंय."

"आत माझा जोड आहे."

"म्हणूनच सांगतेय."

"अठरा वर्षं टिकलाय तो."

"टिकला. आता दमला असेल."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगितलंत हिला?"

"रबर कुणाचं तेवढंच. बाकी तिने स्वतः पाहिलं."

त्यांनी मुलीला पुढे येऊ दिलं नाही. दांडा काढायला लावला आणि ब्लेडने रबर स्वतः चिरलं. आतून चमचाभर ऑइल त्यांच्या मनगटावर ओघळलं. गंजलेला जोड त्यांनी कापडाने पुसला. पुन्हा पुसला. तो पुन्हा ओला झाला.

"अख्खी नळी नवी टाक," वर येत ते म्हणाले. "जोडबीड नको."

नळी बसल्यावर तिच्यातली हवा काढायची असते. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी स्क्रू उघडायचा. मिस्त्री मुकाट्याने सीटवर जाऊन बसले.

"दाबा," खालून मुलीचा आवाज आला. "धरून ठेवा. आता सोडा."

"धरलंय. मला शिकवू नकोस."

"बाबा, सोडा म्हटलं."

त्यांनी सोडलं. असं वीसेक वेळा झालं. शेवटी पेडल दगडासारखं कडक लागलं.

फेरी मारायला गाडी ते स्वतःच घेऊन निघाले, मला शेजारी बसवून. कोपऱ्यावर ब्रेक दाबला. गाडी हव्या त्या जागी, अजिबात धक्का न देता थांबली. मिस्त्रींनी पेडल आणखी दोनदा दाबून पाहिलं.

"माझ्या हातची वाटतेय," ते म्हणाले.

"तिला सांगा."

"सांगेन." त्यांनी गिअर टाकला. "आज नाही."